अप श्वास, डाउन श्वास

आमच्या स्टेशनातल्या तक्रारवहीत एका प्रवाशानं एकदा लिहिलं होतं, की पहाटेच्या पॅसेंजरच्या वेळी फलाटाच्या टोकाला एक इसम लंगोटावर उभा असतो, त्यामुळं बायकामाणसांना खिडकीतून बाहेर बघायची सोय उरलेली नाही, तरी स्टेशनमास्तरांनी यात लक्ष घालावं. स्टेशनमास्तरांनी लक्ष घातलं. खाली सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं : "चौकशी केली. सदर इसम रोज पाच वाजता स्नान करतो. थंडीवाऱ्यातही खंड नाही. प्रकृती उत्तम आहे." आणि सही ठोकली.

तो इसम म्हणजे तेच होते.

आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. स्टेशन खानापूरच्या पुढं, गुंजीच्या आसपासच्या जंगलातलं. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्याचे कागद अजून कुठल्यातरी कपाटात असतील. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. माझे यजमान तिथं असिस्टंट म्हणून लागले आणि मी बेळगावातून, शहापूरच्या भरल्या गल्लीतून उठून एकदम झाडांच्या राज्यात येऊन पडले. दोन खोल्यांचं क्वार्टर. मागं जंगल, पुढं रूळ. खिडकी उघडली की गाडी हाताला लागेल असं वाटायचं. शेजारचं क्वार्टर आण्णांचं. तिसऱ्या खोपटात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन यल्लाप्पा. एवढीच वस्ती. गाव मैलभर आत.

आण्णा पन्नाशीचे होते. उंची बेताची, छाती मात्र पिंपासारखी. रेल्वेचा पांढरा कोट त्यांना कधी नीट बसला नाही. वरची दोन बटणं कायम उघडी. शिंपी खांदे मोजायचा तेव्हा आण्णा श्वास सोडून उभे राहायचे आणि कोट अंगात घालताना भरून घ्यायचे, असं आक्का सांगायच्या. आक्का म्हणजे त्यांची बायको. दोघंही निपाणीकडची. बोलणंही तिकडचंच, ठसठशीत.

फलाटाच्या टोकाला इंजिनात पाणी भरायचा उंच नळ होता, हत्तीच्या सोंडेसारखा. बारा महिने आण्णा त्याच सोंडेखाली आंघोळ करत. आमच्याकडं मार्गशीर्ष-पौषात थंडी अशी पडते, की सकाळी दोरीवरचं धोतर वाळलंय की गारठलंय ते कळत नाही. त्या थंडीत यल्लाप्पा कानाला मफलर गुंडाळून चाक फिरवायचा, आणि वरून इंजिनाच्या पोटात जाणारं पाणी आण्णांच्या टाळूवर कोसळायचं. त्या धारेनं दुसरा माणूस आडवा झाला असता. आण्णा दोन्ही हात कमरेवर ठेवून, कुणाशी भांडण उकरून काढायला आल्यासारखे उभे. तोंडातून चकार शब्द नाही. बोललं की श्वास सांडतो, हे त्यांचं पहिलं सूत्र. वाफ मात्र अंगातून अशी निघायची, की पॅसेंजरचा ड्रायव्हर म्हणायचा, मास्तर, तुम्हालाच डब्यांना जोडतो आणि लोंढा जंक्शनपर्यंत जातो.

दहा मिनिटांनी तेच आण्णा टोपी-कोटात खिडकीशी बसून तिकिटं द्यायचे आणि तक्रार करणाऱ्याला ओळखू यायचे नाहीत.

हे खूळ त्यांना कुठून लागलं, याच्या तीन गोष्टी होत्या. मला त्यांनी सांगितलं की लहानपणी दम्यानं बेजार होते, निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी घर, शिंकून शिंकून बरगड्या दुखायच्या. मग एका गोसाव्यानं घटप्रभेच्या पात्रात गळ्याइतकं उभं केलं आणि श्वास शिकवला. ह्यांना सांगितलं की पाण्याच्या उपचारांवरचं एक पुस्तक हाती आलं. यल्लाप्पाला सांगितलं की मारुतीनं दृष्टांत दिला. मी आक्कांना विचारलं, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात लाकडं भिजली हुती. आंघुळीची चूल पेटंना. ह्येनी रागानं गार पाणी वतून घेतलं. राग गेला न्हाय म्हणून दुसऱ्या दिवशी परत. तवापास्नं चाललंय."

आक्का स्वतः मात्र अशा कढत पाण्यानं आंघोळ करायच्या, की न्हाणीच्या झरोक्यातून निघणारा धूर आणि वाफ बघून खालच्या वळणावर रूळ दुरुस्त करणारे गँगवाले कुठं आग लागली का बघायला आले होते. नवऱ्याचं गार पाणी वाढेल तसं बायकोचं ऊन पाणी वाढत गेलं होतं. एकमेकांवर कुरघोडीच ती. एकदा आक्कांनी यल्लाप्पाला फितवलं, आणि सोंड बिघडलीय असं खोटंच सांगून आण्णांना बादलीवर बसवलं. बादलीवर वाफ दिसू नये म्हणून ओला पंचा, खाली सगळं कढत. आण्णांनी तांब्या बुडवला आणि डोक्यावर घेतला. जंगलातले मोर ओरडले त्या आवाजानं. दोन दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. कुणी तब्येत विचारली की तक्रारीच्या सुरात म्हणायचे, अंग सैल पडलंय. आक्का खुशीत होत्या. तिसऱ्या दिवशी सोंड आपोआप दुरुस्त झाली.

पाणी हा त्यांचा अर्धा धर्म. उरलेला अर्धा श्वास. आणि तो त्यांनी सगळा रेल्वेच्या भाषेत बसवून ठेवला होता. पहिल्यांदा मला समजावलं ते फलाटावरच्या बाकावर, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून, नजर रुळांकडं ठेवून.

"हे बघ पोरी, आत येतो तो अप श्वास. बाहेर जातो तो डाउन. आणि मधे गाडी स्टेशनात उभी, त्याला कुंभक म्हणायचं. लोकांचं चुकतं कुठं? गाडी उभीच करत न्हाईत. मग माणसं चढणार कवा आणि उतरणार कवा?"

मला हसू आलं होतं, पण मी त्यांच्याकडं हसण्यासाठी गेले नव्हते. त्या जंगलात आल्यापासून माझा जीव घाबरा व्हायचा. दुपारी पानं वाजली तरी छातीत धडधड सुरू व्हायची, श्वास वरच्या वर राहायचा, हातपाय गार पडायचे. हे ड्यूटीवर, समोर दिसत असूनही हाक मारायची लाज. एकदा तशीच भिंतीला धरून बसले असताना आक्कांनी पाहिलं, पाठीवरून हात फिरवला, गूळपाणी दिलं, आणि म्हणाल्या की माझ्याकडं एवढंच आहे, बाकीचं खूळ शेजारी बसलंय, पटलं तर घे.

मग आण्णांनी मला मालगाडीवर श्वास घ्यायला शिकवलं. इंजिन वळणावर दिसलं की घ्यायला सुरुवात, फलाटाशी आलं की थांबायचं, मग डबे जातील तसा थोडा थोडा सोडायचा, गार्डाचा डबा गेला की रिकामं. पहिल्या दिवशी दहाव्या वाघिणीला, म्हणजे मालाच्या दहाव्या डब्याला, माझं अवसान संपलं. आण्णा बाकावर डोळे मिटून शेवटच्या डब्यापर्यंत गेले, आणि वर म्हणाले की आज गाडी आखूडच होती. पंधरा दिवसांनी मी गार्डाला गाठलं. तो बिचारा हात करून गेला. त्याला वाटलं ही बाई रोज आपल्यालाच बघायला उभी राहते.

तुम्ही हसाल, पण धडधड थांबली. पानं वाजली की मी मनात वळणावरचं इंजिन आणायची. हळूहळू जंगल आवडायलाही लागलं. गार पाण्याचा आग्रह त्यांनी मला केला नाही, म्हणजे एकदाच केला, निदान पाय तरी बादलीत घाल म्हणाले. तेव्हा आक्कांनी कुंपणापलीकडून फक्त त्यांच्याकडं पाहिलं, आणि विषय मिटला. यल्लाप्पाची मात्र सुटका नव्हती. त्याला ते फलाटावर गाठून छाती भरायला लावायचे. तो म्हणायचा, आण्णा, मला बिडी ओढताना येतो की तेवढा श्वास. आण्णा दुःखी व्हायचे. मनापासून दुःखी व्हायचे, हेच त्यांचं वेगळेपण होतं. जगातला प्रत्येक माणूस उथळ श्वास घेऊन फुकट मरतो आहे, आणि आपल्याला इलाज ठाऊक असून कुणी ऐकत नाही, असं ते दुःख होतं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सातव्यात बेळगावला जायचं ठरलं होतं, पण माहेरी भावंडांना एकामागून एक गोवर निघाला आणि आईनं निरोप धाडला की थोडं थांब. थांबता थांबता नववा लागला. अखेर गुरुवारच्या पॅसेंजरनं निघायचं पक्कं झालं. ट्रंक भरून झाली होती. आणि मंगळवारी सकाळी, ह्यांना चहा देताना, कपबशी माझ्या हातातून सुटली.

गावातल्या सुईणीकडं यल्लाप्पा धावत गेला. धावत परत आला. ती पहाटेच नंदगडच्या बाजाराला गेली होती. दुसरा माणूस तिच्या मागावर पाठवला, पण नंदगड काही उंबऱ्यावर नव्हतं. ह्यांची ड्यूटी होती. मेल यायची होती, जागेवरून हलायला मोकळीक नव्हती. आक्का आल्या, पदर खोचला, दार लावून घेतलं, मोठ्या हंड्याखाली जाळ केला. आक्कांना स्वतःला मूल नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला यातलं ठाऊक आहे का. त्या म्हणाल्या, म्हशीची तीन केलीत. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, तिन्ही सुखरूप.

दोन तास गेले. कळा वाढत होत्या आणि सुटका होत नव्हती. आणि मग माझी ती जुनी धडधड परत आली. श्वास वरच्या वर. तोंडाला कोरड. आक्का पुनःपुन्हा सांगत होत्या की दम धर, पण धरायला दमच सापडत नव्हता. वळणावरचं इंजिन मनात आणायला गेले तर वळणच दिसेना. मी मरणार असं मला अगदी स्वच्छ, शांतपणे वाटलं, ते आजही आठवतं. आक्कांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. आणि ज्या बाईनं वीस-पंचवीस वर्षं नवऱ्याच्या त्या खुळाला नावं ठेवली, तिनं उठून खिडकी उघडली आणि स्टेशनाकडं तोंड करून हाक मारली.

"अवं, इकडं या. तुमचं ते श्वासाचं काय असतंय ते सांगा हिला. लवकर या."

आण्णा आले, काखेत दोन्ही बावटे तसेच. बाहेरच, खिडकीकडं पाठ करून उभे राहिले. त्यांच्या पाठीवरचा ताणलेला कोट तेवढा मला दिसत होता. आक्का म्हणाल्या, बोला की. आण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "बाळंतिणीशी परक्या पुरुषानं बोलू न्हाय. मी बावटा दाखवतो. हिरवा वर गेला की घ्यायचा. लाल वर गेला की धरायचा, जोर तवाच करायचा. दोन्ही खाली आलं की सोडायचा. नजर बावट्यावर ठेव म्हणावं."

मग त्यांनी एक रिकामं खोकं ओढलं, त्याच्यावर चढले, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले.

हिरवा वर गेला. मी घेतला. लाल वर गेला. धरला. दोन्ही खाली. पहिल्या चार-पाच वेळा चुकले. मग जमलं. त्या चौकटीत फक्त ती पाठ आणि ते दोन बावटे, बाकी सगळं जग पुसून गेलं. आक्का आतून "आली, आली" म्हणायच्या की लाल जास्त वेळ वर राहायचा. आण्णा स्वतःही माझ्याबरोबर घेत होते, धरत होते, सोडत होते. कोटाची पाठ फुगायची, उतरायची. खरं म्हणजे ते रुळांकडं तोंड करून उभे होते, समोरून काय येतंय ते त्यांना दिसायला हवं होतं. पण कुंभक डोळे मिटूनच करायचा असतो, हेही त्यांचं सूत्र होतं.

आणि मेल आली.

आमच्या स्टेशनात मेल थांबत नसे. तशीच धाडधाड निघून जाई. फलाटावर हे हिरवा बावटा धरून उभे होते, सिग्नल पडलेला, रस्ता मोकळा. पण ड्रायव्हरला फलाटाच्या आधी आमची क्वार्टरं लागतात. त्याला दिसलं ते असं : साक्षात स्टेशनमास्तर, टोपी-कोटासकट, उंचावर चढून, दोन्ही हात आभाळात नेऊन लाल बावटा दाखवतोय. आणि खाली घेतच नाहीये, कारण नेमकी तेव्हा आतून आक्का "आली" म्हणाल्या होत्या.

ड्रायव्हरनं ब्रेक मारले. मी आयुष्यात तसला आवाज पुन्हा ऐकला नाही. चाकं किंचाळली, भांडी मांडणीवरून खाली आली, क्वार्टर हललं. मी बावट्यावरची नजर काढली नाही. लाल अजून वरच होता. सगळा आवाज थांबला, तेव्हा कुठं दोन्ही बावटे खाली आले, आण्णांनी डोळे उघडले, आणि त्यांच्या नाकासमोर तीन हातांवर जनानी डबा उभा होता. प्रत्येक खिडकीत एकेक बाई.

पुढचं मला आक्कांनी नंतर अनेकदा सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. गार्ड खाली उडी मारून धावत आला. ड्रायव्हर इंजिनातून शिव्या देत होता. हे फलाटावरून हिरवा बावटा हलवत पळत येत होते. आण्णा खोक्यावर तसेच उभे. आक्कांनी मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि डब्याकडं बघून म्हणाल्या, "बाई अडलीया. पहिलटकरीण हाय. कोण जाणती असली तर उतरा."

आठ-नऊ बायका उतरल्या. आमच्या त्या एवढ्याशा खोलीत कुणी ओवा शोधायला लागली, कुणी केस मोकळे कर म्हणाली, कुणी कुलपं उघडा म्हणाली, आणि घरात काही बांधलेलं राहिलं की सुटका अडते म्हणून एकीनं माझी भरलेली ट्रंक उघडून मोकळी केली. त्या गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. काळा फ्रॉक, पायात पांढरे मोजे, हातात छत्री. गोव्याकडची नर्स होती. कोकणीत तिनं आधी ऊन पाणी आहे का विचारलं. आक्का म्हणाल्या, हाय की, हंडाभर. म्हातारीनं हात धुतले, बाकीच्यांना छत्रीनं बाहेर काढलं, मला तपासलं आणि तिचा चेहरा बदलला. बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते.

तिनं काय केलं ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तिनं मान वर न करता आक्कांना सांगितलं, त्या बावटेवाल्याला म्हणावं, थांबवू नकोस. आणि मग मेलगाडीसमोर, गार्ड घड्याळ धरून उभा असताना, ड्रायव्हर बघत असताना, दोन-तीनशे प्रवासी खिडक्यांतून लोंबकळत असताना, आण्णा पुन्हा खोक्यावर चढले. हिरवा वर. लाल वर. दोन्ही खाली. यल्लाप्पा शपथेवर सांगायचा, की तिसऱ्या वेळेपासून जनानी डबा सगळाच्या सगळा बावट्याबरोबर श्वास घेत होता, आणि पाचव्या वेळेपासून गार्डसुद्धा.

मुलगी झाली. आधी निळी, गप्प. म्हातारीनं तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंडात बोट घालून काहीतरी काढलं. मग ती रडली. तो आवाज बाहेर गेला आणि मेलच्या सगळ्या डब्यांतून अशी आरोळी उठली, जणू ती त्यांचीच भाची-पुतणी होती. कुणीतरी गुळाचे खडे वाटले. म्हातारी नर्स पुन्हा हात धुऊन, छत्री घेऊन, नाव न सांगता डब्यात चढली. गार्डानं शिट्टी मारली. पण गाडी हलेना. ड्रायव्हर आण्णांकडं बोट दाखवत होता. आण्णा रडत होते, आणि त्यांच्या हातातला लाल बावटा अजून वरच होता. यल्लाप्पानं जाऊन तो त्यांच्या मुठीतून सोडवला, तेव्हा मेल गेली.

आठवड्यानं चौकशीला साहेब आला. गोरा, तरुण, नाक उन्हानं सोललेला. मेल पाऊण तास अडली होती, ही साधी गोष्ट नव्हती. आम्ही सगळ्यांनी आदल्या दिवशी बसून ठरवलं होतं काय सांगायचं ते. बाई अडली होती, जिवावर बेतलं होतं, मदतीसाठी मास्तरांनी मेल थांबवली. एवढंच. खोटं तरी कुठं होतं त्यात? ह्यांनी निवेदन लिहूनही ठेवलं होतं. गार्डाची साक्ष तशीच होती. साहेबाला कागद मिटवायचाच होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

आण्णा मात्र तोंड पाडून बसले. रात्रभर विचार केला म्हणाले. मी लेकराला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, आण्णा, माझ्यामुळं तुमच्या नोकरीवर आलं तर मला जन्मभर लागून राहील. एवढं एक वाक्य बोला. ते बाळाकडं बघत म्हणाले, "खोटं बोललं की श्वास आखूड पडतो, पोरी. इतकी वर्षं लांबवत आणलाय. एका साहेबापायी कशाला तोडू?"

मग आत गेले. बोलणं इंग्रजीत झालं. ह्यांनी मला ते घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितलं. साहेबानं विचारलं, एका बाईचा जीव वाचवण्यासाठी तुम्ही मेल थांबवलीत, बरोबर ना? आण्णा उभे राहून म्हणाले, "नाही साहेब. मी मेल थांबवली नाही. मेल थांबली."

साहेबानं टाक खाली ठेवला. मग लाल बावटा कशासाठी होता, म्हणाला. आण्णांनी सांगितलं, कुंभकासाठी. साहेबाला ते कळेना. आण्णांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वरिष्ठानं श्वासाबद्दल विचारलं होतं. त्यांनी चौकशी बाजूला ठेवली आणि अप, डाउन, स्टेशनात उभी गाडी, सगळं समजावलं. साहेब म्हणाला, करून दाखवा. यल्लाप्पानं दारातून ते ऐकलं मात्र, आणि दोन्ही बावटे उचलून पाठीमागं लपवले, कारण पाचेक मिनिटांत मालगाडी यायची होती. अखेर आण्णांनी एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात ह्यांची टोपी घेऊन दाखवलं. साहेबानं तीन वेळा श्वास घेतला, धरला, सोडला. तिसऱ्यांदा त्याला खोकला आला. पाणी मागवलं. आण्णांनी मनापासून सांगितलं, साहेब, पहाटे पाचला या, सोंडेखाली उभा करतो, खोकला राहायचा नाही.

साहेबानं टाक उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, तुम्ही माझी फार अडचण केलीत. जीव वाचवण्यासाठी गाडी थांबवणाऱ्याला मी शाबासकी देऊ शकलो असतो; डोळे मिटून श्वास घेता घेता मेल अडवणाऱ्याला काय देऊ?

नोकरी राहिली. बदली झाली. कुठं, तर बळ्ळारीच्याही पलीकडं, जिथं पौषातसुद्धा खडक तापतात आणि टाकीतलं पाणी सकाळी सहालाच कोमट होतं. हुकूम वाचून ह्यांचा चेहरा उतरला. यल्लाप्पा म्हणाला, साहेबानं मुद्दाम शोधून काढलं असणार. आण्णा दोनदा वाचून म्हणाले, हवा कोरडी आहे, श्वासाला बरी. पण त्या संध्याकाळी ते सोंडेपाशी उगीच उभे असलेले मी खिडकीतून पाहिले.

जायच्या दिवशी आक्कांनी माझ्या लेकीला पहिल्यांदा आणि शेवटचं आपल्या पद्धतीनं न्हाऊ घातलं. एवढ्याशा जिवाला एवढं ऊन पाणी बघून मी पुढं झाले, पण ती पोर पाटावर पाय ताणून गाढ झोपली. पॅसेंजर आली तरी आक्कांनी तिला छातीशी धरूनच ठेवलं होतं. गाडी उभी होती, सामान चढलं होतं, यल्लाप्पा शिट्टीची वाट बघत होता. शेवटी आण्णांनी हळूच बाळाला त्यांच्या हातातून घेऊन माझ्याकडं दिलं आणि बायकोला म्हणाले, चल, गाडी अडवायची आपल्याला एकदाच परवानगी हुती. मी वाकले, तर मला उठवून म्हणाले, वर्षाची झाली की हिला मालगाडी दाखवत जा.

सहा महिन्यांनी कार्ड आलं. आण्णांचं तेच सुवाच्य अक्षर. लिहिलं होतं : "इकडे सर्व क्षेम. स्टेशन लहान, माणसे चांगली. पॉइंटमन शिकण्यास तयार आहे. पाणी वरवर ऊन असते. परंतु स्टेशनामागे एक जुनी विहीर आहे, फार खोल. खाली अगदी तळाशी गार आहे. मी रोज बुडी मारून तळापर्यंत जाऊन येतो."

कार्डाच्या कडेला, उरलेल्या कोऱ्या पट्टीवर, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती. आक्कांना लिहिता येत होतं हे मला तेव्हाच कळलं.

"मी काठावर बसते. हे वर येईपर्यंत माझाच श्वास धरलेला असतो."